भिंगरीचं लोढणं

"मग मन थाऱ्यावर का येत नाही, बाबा? आता तर घरात आवाजसुद्धा नाही."

रंगनाथनं हे विचारलं तेव्हा हसनशाबाबा लिंबाखाली बसून गोधडीला ठिगळ लावत होते. फकिराचा तकिया म्हणजे तरी काय, तो लिंब, एक कुडाची खोली आणि पुढचं अंगण. मी अंगण झाडत होतो. माझं तिथलं काम तेवढंच, झाडायचं आणि माठ भरायचा. त्यामुळं पुष्कळ बोलणी कानावर पडली. सगळी कळली असं नाही.

बाबा टाका घालत राहिले.

रंगनाथचा गावात तेलाचा घाणा होता. माणूस सरळ, पण आपण सरळ आहोत याची त्याला फार जाणीव होती. कांदा सोडलेला, गादी सोडलेली. पहाटे आसनावर बसलो की अंगावर पाल पडली तरी हलत नाही, हे तोच सगळ्यांना सांगायचा. ज्याचं मन थाऱ्यावर आलंय असं दिसेल त्याच्या कानात बाबा जपायचं एक नाव सांगत. ते नाव आपल्याला मिळावं म्हणून रंगनाथ दर गुरुवारी यायचा. बाबा दर गुरुवारी म्हणायचे, बघू.

आड येत होता त्याचा मुलगा, हणमंत.

हणमंत एका जागी बसलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. जेवायला बसला तरी एक पाय उंबऱ्याबाहेर. आणि त्याची कुत्री भिंगरी, नाव त्यानंच ठेवलेलं, ती त्याच्याहून वरचढ. दोघं मिळून वाळवणावरून धावायची, भरलेली घागर लवंडायची. आई, म्हणजे पार्वती, लाटणं घेऊन मागं लागायची आणि अर्ध्या वाटेतच तोंडाला पदर लावून हसत बसायची.

एका पहाटे भिंगरीनं रंगनाथची जपमाळ तोंडात धरली आणि पळाली. हणमंत तिच्यामागं, बापाच्या मांडीवरून उडी मारून.

त्या दिवशी रंगनाथनं भिंगरीच्या गळ्यात लोढणं बांधलं. ओढाळ गुराला बांधतात तसलंच, बाभळीचा एक जाड तुकडा. पळायला गेलं की ते पुढच्या पायांवर आपटतं, आणि जनावर आपोआप थांबतं. कुत्री थांबली की पोरगं थांबेल, असा त्याचा विचार.

"थांबली का?" टाका घालता घालताच बाबांनी विचारलं.

"थांबली."

"आणि पोरगं?"

"तेही थांबलं..."

पण त्यात समाधान नव्हतं. रंगनाथनं सगळं सांगितलं. हणमंत आता पळत नाही, हुंदडत नाही. शाळा सुटली की तो भिंगरीचं लोढणं दोन्ही हातांत उचलून धरतो आणि वाकून तिच्या बाजूनं चालतो. ती थांबली की थांबतो, चालली की चालतो. पारावरची माणसं रंगनाथला विचारतात, अरे, लोढणं बांधलंस कुणाला, कुत्रीला का पोराला? घरात पार्वती वाढते, पण बोलत नाही. हणमंत रुसलाय म्हणावं तर तसंही नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो.

"पहाटे आसनावर बसतो," रंगनाथ म्हणाला, "कानावर काहीच येत नाही, बाबा. आणि त्या काहीच नसण्याकडंच सारखं ध्यान जातं."

बाबांनी मान हलवली. हो का नाही, ते समजलं नाही.

आता रंगनाथनं त्यावरही तोड काढली होती. ओढ्यापलीकडच्या रानात एका धनगराची मेंढरं बसली होती. धनगर संध्याकाळी पुढं निघणार होता आणि भिंगरीला न्यायला तयार होता. डोळ्यांआड झाली की पोरगं विसरेल, असं रंगनाथचं म्हणणं. फक्त ते पोराला बाबांनी सांगावं. म्हणून त्यानं हणमंतला भिंगरीला घेऊन तकियावर यायला सांगितलं होतं.

"तुम्ही सांगितलं तर तो रडणार नाही."

"घरी रडतो का?"

"नाही."

बाबांनी गोधडी बाजूला ठेवली.

तेवढ्यात वाटेवर दोघं दिसली. पोरगं वाकलेलं, दोन्ही हातांत ते लाकूड, आणि शेजारी भिंगरी. उन्हातनं येत होती, पण घाई नव्हती. एखादं म्हातारं जोडपं बाजाराहून यावं तशी आली. मी झाडू खाली ठेवला.

हणमंत बाबांपुढं येऊन उभा राहिला. नमस्कार करायचा तर हात मोकळे नव्हते. त्यानं नुसतीच मान वाकवली.

"तहान लागली असेल," बाबा म्हणाले. मी माठाकडं निघालो, तर त्यांनी मला हातानं थांबवलं आणि रंगनाथकडं पाहिलं. "त्याचे हात गुंतलेत. तू पाज."

रंगनाथ उठला. तांब्या भरून आणला आणि पोराच्या तोंडाला लावला. थोडं पाणी गळ्यावर सांडलं. हणमंत गटागटा प्यायला, डोळे मात्र बापाच्या तोंडाकडं.

उरलेलं पाणी रंगनाथनं ओंजळीत घेऊन भिंगरीपुढं धरलं.

बाबांनी पोराला विचारलं, "गाठ तर साधी दिसते. सोडून का टाकत नाहीस?"

हणमंतला त्या प्रश्नाचं नवल वाटलं असावं.

"आप्पांनी बांधलीय," तो म्हणाला.

रंगनाथ बसायला गेला होता, तो क्षणभर तसाच अर्धवट वाकलेला राहिला आणि मग बसला.

बाबांनी मग धनगराचं सांगितलं. समजावलं नाही, गोड बोलले नाहीत. आप्पा भिंगरीला धनगराकडं द्यायची म्हणतात, संध्याकाळी निघायचंय, एवढंच. पोराचा चेहरा उतरला. त्यानं भिंगरीकडं पाहिलं, मग हातातल्या लाकडाकडं.

"आप्पा म्हणतात तर देतो..." मग थोड्या वेळानं, "पण तिकडं हे कोण धरणार?"



लिंबावर एक होला घुमत होता. बाबा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, आता ते काही सांगतील.

रंगनाथ उठला. धोतर मळेल म्हणून कधी ओट्यावरसुद्धा न बसणारा माणूस, तो कुत्रीपुढं धुळीत गुडघ्यांवर बसला. गाठ पोराच्या घामानं आवळून गेली होती, सुटेना. नखं लावून, ओढून, पुन्हा नखं लावून त्यानं ती सोडवली. तेवढा वेळ भिंगरी त्याचा कान चाटत होती आणि त्यानं तिला हाकललं नाही.

"आता द्यायची का?" हणमंतनं विचारलं.

"नाही."

"धनगर?"

"त्याला मी सांगतो."

हणमंतनं लाकूड हळूच खाली ठेवलं. भिंगरीला आधी काही उमगलं नाही. ती एक पाऊल चालली, थांबली, आपल्या पायांकडं पाहिलं. मग अंग झाडलं आणि अशी सुटली की लिंबाला वेढा घालून, मी झाडून ठेवलेला पाचोळा उधळून, थेट ओढ्याच्या उतारावर. तिथनं मागं वळून भुंकायला लागली.

हणमंत जागचा हलला नाही.

"जा," रंगनाथ म्हणाला. "पळ."

पोरानं पाऊल टाकलं. हात तसेच पुढं, पाठ तशीच वाकलेली, जपून, सावकाश. दोन पावलं गेला आणि वळून बापाकडं पाहिलं.

"अरे, पळ की आता. मी काही म्हणत नाही."

हणमंतनं मान हलवली. पण पळाला नाही. ओढ्याकडनं भिंगरी सारखी बोलवत होती.

रंगनाथ धुळीतनं उठलाच नव्हता. तिथूनच तो बाबांकडं वळला. कानात सांगायच्या नावाबद्दल त्या दिवशी त्यानं विचारलंच नाही. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही, इतका बारीक झाला होता.

"बाबा... हा पळत का नाही?"

बाबांनी डोळे उघडले. पोराकडं पाहिलं, उताराकडं पाहिलं, मग रंगनाथकडं.

"आधी तू पळ."