सात धोंडींमागचे पाणी

सातधोंडीच्या घाटावर उभे राहिले की नदीच्या पात्रात तिरक्या ओळीने वर चढत गेलेल्या सात काळ्या धोंडी दिसतात. त्यांना हळदकुंकू वाहिलेले असते, पण धारेच्या बाजूने नाही. ते असते मागच्या अंगाला, जिथे पाणी वळून परत येते तिथे. पाहुण्यांनी कारण विचारले की गावचे जुने नावाडी पैकूजी त्यांना आधी खाली बसायला सांगतात, पानाची चंची सोडतात आणि मग बोलू लागतात.

फार पूर्वी या घाटावर डोमाजी नावाचा ढिवर कोळी नाव चालवायचा. गावात नाव तेवढी एकच. त्याची सून भागरता हिला तिच्या बापाने लहानपणीच सांगितले होते म्हणे, की माशाच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी बारीक रेघ असते, तोच त्याचा कान. पाणी जरा हलले तरी त्याला त्या रेघेतून कळते. सासरी आल्यावर घाटावर जाळी विणता विणता ती तासन्‌तास धोंडींमागचे पाणी बघत बसे. तिथे मासे भर धारेत असूनही निवांत असत. धोंडीपासून भोवरे एकआड एक सुटायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मासे आपले अंग त्या त्या बाजूला सोडून द्यायचे. शेपटी मारायची त्यांना गरजच पडत नसे.

तिने हे एकदा सासऱ्याला सांगून पाहिले. डोमाजी म्हणाला, धोंडींमागे जाळे टाकावे, नाव नेऊ नये. त्याचेही खोटे नव्हते. गावाला सगळ्यांत जास्त मासळी तिथेच मिळायची आणि आजवर तीन नावा फुटल्या होत्या त्याही तिथेच.

एका भादव्यात नदी सकाळपासून फुगत गेली आणि दुपारपर्यंत धोंडींच्या वरच्या अंगाला असलेल्या बेटाला वेढा पडला. बेटावर धानाच्या निंदणाला, तण काढायला गेलेली नऊ माणसे अडकली. डोमाजीची बायको मैनाबाई त्यांतच होती. दोन्ही काठांचे नाले भरून वाहत होते, त्यामुळे नाव काठाने ओढत वर नेण्याची सोय नव्हती. डोमाजीने चार तगडे गडी घेऊन मोकळ्या धारेत दोनदा नाव घातली. दोन्ही वेळा नदीने ती खाली लोटून दिली. दुसऱ्यांदा नाव घाटावर परत आणली तेव्हा त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती. बेटावरची माणसे मोहाच्या झाडावर चढलेली दिसत होती. डोमाजी तिथेच चिखलात बसला.

भागरता कधी सासऱ्यासमोर उभी राहून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"मामाजी, मासा धारेशी भांडत नाही जी. एका धोंडीमागं दम घेते अन् मंग दुसऱ्या धोंडीवर जाते. आपणबी तसंच जाऊ."

बाईच्या हाती सुकाणूचे वल्हे कसे द्यायचे, अशी लोकांत कुजबुज झाली. डोमाजीने एकदा बेटाकडे पाहिले. मग उठून त्याने वल्हे तिच्या हातात दिले आणि स्वतः पुढे जाऊन बसला.

"तू सांगशील तसं मारतो," तो म्हणाला.

नावेत पाय ठेवण्याआधी भागरताने ओंजळीत पाणी घेतले आणि नवस बोलली, की या पाण्याने आम्हाला वर नेले, तर या धोंडींमागे पुन्हा कधी जाळे पडणार नाही. गावाच्या ताटातला मोठा घास ती देऊन टाकत होती. तरी कोणी तिला अडवले नाही.

पहिल्या तीन धोंडी सरल्या. प्रत्येकीमागच्या उलट्या पाण्याने नावेला आपणहून वर ओढून घेतले. तिसरीपासून चौथीचे अंतर मात्र सगळ्यांत मोठे. तिथे धारेने नावेचे तोंड फिरवले आणि नाव घसरत पुन्हा तिसरीच्या आडोशाला आली. गड्यांचे चेहरे उतरले. भागरताने डावा हात कोपरापर्यंत पाण्यात सोडला. गढूळ पाण्यात दिसत काहीच नव्हते, पण तळव्याला कळत होते. एक भोवरा डावीकडून निसटला, मग एक उजवीकडून. डावा सुटला की पाणी चौथीच्या दिशेने रेटा देत होते. तिने तीन भोवरे जाऊ दिले.

"आता," ती म्हणाली.

पाच वल्ही एकदम पडली आणि मागून कोणी खांदा लावावा तशी नाव चौथीला जाऊन भिडली. त्या वेळी हातभर लांबीचा एक मासा नावेच्या पुढे उसळला, असे सांगतात. पुढच्या तीन धोंडी ते गाणे म्हणत चढले.

सातवीचा आडोसा थेट बेटाला लागतो. नऊच्या नऊ माणसे झाडावरून उतरली. मैनाबाई सगळ्यांत शेवटी आली. सुनेच्या हातात वल्हे पाहून ती नावेत तिच्या पायाशी बसली. त्याच धोंडींच्या आधाराने नाव खाली आली तेव्हा सारा गाव गुडघाभर पाण्यात उभा होता. डोमाजीने सर्वांदेखत सांगितले, "आजपासून हा घाट हिचा."

पूर ओसरल्यावर मैनाबाईने स्वतः पोहत जाऊन सातही धोंडींच्या पाठीला हळदकुंकू वाहिले. पहिली दोन वर्षे गावाला मासळी कमी पडली, पण नवस कोणी मोडला नाही. पुढे धोंडींमागे वाढलेले मासे पात्रभर पसरले आणि घाटाखाली जाळी फाटतील एवढी मासळी मिळू लागली.

आजही सातधोंडीला नवी नाव पाण्यात उतरली की सुकाणूचे वल्हे घरच्या सुनेच्या हाती देतात. ती हात पाण्यात घालून भोवरे जोखते आणि सातही धोंडी चढून जाते. काठावर डफ वाजत असतो. गेल्या वर्षी पैकूजींच्या नातसुनेने चौथी धोंड पहिल्याच झेपेत गाठली. तेव्हा ऐंशी वर्षांच्या पैकूजींनी डफवाल्याच्या हातून डफ ओढून घेतला आणि नाव परत येईपर्यंत वाजवला, असे गावकरी सांगतात. पैकूजी स्वतः एवढे सोडून बाकी सगळे सांगतात.