मेंदीची शेपटी

“मग तो एक गळ मला का देत नाही, चाचा?”

मकरंदचा आवाज जेटीच्या टोकापर्यंत गेला. जावा म्हणूनच त्याने तो चढवला होता. टोकाला त्याचे पुण्याचे दोन पाहुणे उभे होते, मोबाईल सरसावून.

इसाक पायरीवर बसून समुद्राकडे बघत राहिला. मी शेजारीच होतो. आम्ही दोघे एकाच मोहल्ल्यातले, तेव्हा मला उठ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

इसाक बोटीवर नोकरीला होता तेव्हा कुठल्याशा बंदरात ही विद्या शिकून आला. गळावर पिसं, केस, चमकीचा दोरा बांधायचा आणि लहान मासळीचं सोंग करायचं. मग लांब लवचिक काठीने ते खाडीच्या तोंडाशी फेकायचं आणि हाताने दोरी थोडी थोडी ओढत आणायचं. शहरातली मंडळी त्याला स्ट्रीमर म्हणतात. इसाक म्हणतो खोटा मासा. पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो, म्हटलं इसाक आता मासळीला झबली शिवणार. मग त्याच्या काठीला जिताडे लागायला लागले, तेव्हा तोंडं मिटली.

मकरंद हे शिकायला आला आणि इथेच राहिला. बायको पुण्यात. खोटं कशाला बोलू, पोराचा हात चांगला. त्याने बांधलेला खोटा मासा बघून तारली मासळीने त्याला बहीण म्हणावं. आता त्याने किनाऱ्यावर तंबू ठोकलेत, लोकांना शिकवायला घेतलंय. त्याला फक्त इसाकचा शब्द हवा होता. पाहुण्यांसमोर.

“तुला बांधता येतात की,” इसाक म्हणाला.

“येतात. पण तुमच्या डबीतल्यासारखा एकही होत नाही. तो पाण्यात पडला की जिवंत होतो.”

इसाकचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला.

“चाचींचे केस आहेत शेपटीला, माहीत आहे मला. पण चाचा, गुरूने हातचं राखू नये.”

हे ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

जैनबी, इसाकची बायको, केसांना मेंदी लावायची. विंचरताना निघालेली गुंतवळ ती कधी वाऱ्यावर सोडायची नाही. भिंतीच्या फटीत जमवायची आणि मग घरामागच्या परड्यात पुरायची. इसाक ती फटीतून चोरायचा. “माझे केस माशांच्या तोंडात घालता, लाज नाही वाटत?” ती ओरडायची. आणि दुसऱ्या सकाळी तीच गुंतवळ, साबणाने धुतलेली, त्याच्या चिमट्याशेजारी ठेवलेली असायची. मुळाशी पांढरी, टोकाला लाल.

मागच्या थंडीत ती गेली. त्यानंतर इसाकची बोटं थरथरायला लागली. तिच्या केसांनी बांधलेल्यांतला एकच गळ उरला होता. तो तंबाखूच्या डबीत, डबी सदऱ्याच्या खिशात. तंबाखू त्याने सोडून दिली.

“तुला गळ हवाय की शब्द?” इसाकने विचारलं.

“दोन्ही.” मकरंद हसला. “त्या गळाने मासा काढतो. काढला तर सांगा त्यांना, मकरंदला सगळं येतं म्हणून.”

“आणि नाही काढला तर?”

“चाचा, माझ्यावर एवढाही भरवसा नाही?”

मी म्हटलं, “इसाक, खुळा झालास काय? देऊ नको.”

इसाकने डबी काढली. झाकण उघडायला त्याला बराच वेळ लागला. मकरंदने मदतीला हात पुढे केला, तेव्हा इसाकने डबी छातीशी धरली. मग स्वतःच उघडली आणि गळ त्याच्या तळहातावर ठेवला.

“एकच सांगतो. मासा लागला की काठी उचलायची नाही. काठी पाण्याकडे, दोरी हाताने मागे खेचायची.”

“हे तर पहिल्याच दिवशी शिकवलंत, चाचा!”

“हो. शिकवलं.”

मकरंदचा फोन वाजला. त्याने खिशातून काढून नाव बघितलं आणि कापला. “बायको,” तो मला म्हणाला. मी कुठे विचारलं होतं?

ओहोटी लागली होती. खाडीचं पाणी खडकाला वळसा घालून बाहेर पडत होतं, आणि जिताडा तिथेच दबा धरून असतो. मकरंदने दोरी हवेत खेळवली. पुढे, मागे, पुढे. पाहुणे “वा!” म्हणाले, म्हणून त्याने आणखी दोनदा खेळवली. इसाक पाण्याकडे बघत होता.

गळ पडला. अगदी खडकाच्या कडेला, जिथे पडायला हवा तिथेच.

मकरंदने दोरी ओढली, थांबला. ओढली, थांबला. स्वच्छ पाण्यात ती लाल शेपटी मिटत होती, उलगडत होती. जैनबी अंगणात केस वाळवायची, तेव्हा वाऱ्याने असेच हलायचे ते. मी मान वळवली. इसाकने वळवली नाही.

पाणी फुटलं.

“लागला!” मकरंद ओरडला, आणि त्याने काठी डोक्याच्या वर उचलली. दोन्ही हातांनी, झेंडा उचलावा तशी. जिताडा पाण्याबाहेर आला, सगळ्यांना दिसला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल उंच झाले. माशाने हवेतच मान झटकली. जिताड्याच्या कल्ल्याची कड म्हणजे पातं. दोरी त्यावर घासली आणि तटकन तुटली.

काठी सरळ झाली.

टाळ्या थोडा वेळ चालूच राहिल्या, कारण त्या बिचाऱ्यांना काय कळलं नव्हतं.

मकरंद आमच्याकडे आला. आधी त्याने हात पसरून दाखवलं. “एवढा होता, चाचा! एवढा!” मग इसाकचा चेहरा बघून हात खाली घेतले.

इसाकने काठी मागून घेतली. दोरी हळूहळू गोळा केली, तिचं टोक बोटांत धरलं, आणि अंगठ्याने चाचपत राहिला. रडला असता तर बरं झालं असतं. मलाच रडू आलं, मेलं.

“काठी उचलली मी,” मकरंद हळू आवाजात म्हणाला. “कशी उचलली कळलंच नाही.”

इसाकने काठी पायरीला टेकवून ठेवली.

“चाचा, काहीतरी बोला.”

जेटीच्या टोकाकडून पाहुण्यांनी हाक मारली, “मकरंदसर, व्हिडिओ मस्त आलाय!” त्याने तिकडे बघितलं नाही. एवढं मात्र खरं.

इसाकने रिकामी डबी बंद केली. पुन्हा उघडली, आत बघितलं, आणि बंद करून खिशात ठेवली.

“चाचा, मी बांधून देतो तुम्हाला दुसरा. आजच बसतो. अगदी तसाच, तुम्हाला फरक कळणार नाही.”

त्याचा फोन पुन्हा वाजू लागला. त्याने खिशावर हात दाबून धरला. वाजून वाजून तो आपोआप बंद पडला.

इसाकने त्या खिशाकडे बघितलं. मग मकरंदकडे.

“बांध की,” तो म्हणाला. “केस कुणाचे आणशील?”