कोठारातले उंच शीड

फार जुनी गोष्ट आहे, माणसांनी समुद्राला नावे दिली त्याच्याही आधीची. एका किनाऱ्यावर एक राज्य होते आणि तिथली प्रत्येक होडी एकाच म्हाताऱ्या मेस्त्रीच्या हातून पाण्यात उतरायची. माणूस तुसडा होता, पण हात सोन्याचे होते.

होडी बांधायला घेण्याआधी मेस्त्री विचारायचा. सावलीला छप्पर हवे? मासळीला वेगळा कप्पा हवा? ज्याला जे हवे ते तो जोडून द्यायचा. पुढे त्याने एक उंच दुसरे शीड बनवले. ते चढवले की होडी नुसती पळत सुटायची. मग तोही एक प्रश्न वाढला : उंच शीड हवे?

आता तुम्हीच सांगा, 'हवं का' म्हटल्यावर 'नको' कोण म्हणतो? खाडीत शिंपले-कालवे काढणाऱ्या आजीनेसुद्धा शीड लावून घेतले. तिला कुठे जायची घाई होती, देव जाणे.

एका दुपारी डोंगराकडचा वारा अचानक उलटला. उंच शिडाच्या सहा होड्या पालथ्या झाल्या. पाच होड्यांतली माणसे पोहून आली. सहावीतले दोघे भाऊ आलेच नाहीत.

राजा म्हणाला, ती शिडे जाळून टाका. होड्या हाकणारे तरणे तांडेल म्हणाले, समुद्रात माणसे बुडायचीच, वेग सोडू नका. मेस्त्रीने दोघांचेही ऐकले नाही.

"शिडात खोट नाही महाराज," तो म्हणाला. "खोट माझ्या विचारण्यात होती. हवं का एवढंच मी विचारलं. ते कशानं बुडवतं, हे कुणाला सांगितलं नाही."

त्याने सगळ्या होड्यांवरची उंच शिडे उतरवून कोठारात ठेवली. दारावर कोरले, 'वारा उलटला की हे शीड होडी पालथी करते. आधी हे सोडा, मग सुकाणू वळवा.' आणि तो प्रश्न विचारणे कायमचे बंद केले. ज्याला शीड हवे त्याने आपणहून यायचे, गरज सांगायची, दारावरची अक्षरे मोठ्याने वाचायची, शिडाचा दोर सोडून दाखवायचा. मग ते त्याच्या एकट्याच्या होडीवर चढणार.

वर्षभर कोणी फिरकले नाही. म्हातारा भ्याला, असे लोक म्हणू लागले. कधीकधी त्याला स्वतःलाही ते खरे वाटायचे.

मग समोरच्या बेटावरच्या विहिरी आटल्या. किनाऱ्यावरून पाणी न्यायचे, तर साध्या होडीची दिवसाला एकच खेप व्हायची, आणि तेवढ्या पाण्यात बेटावरच्या लेकरांचीही तहान भागेना. तेव्हा कोठाराच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. बुडालेल्या दोघा भावांची ही थोरली बहीण. पाण्याची होडी तीच हाकायची.

"उंच शीड हवंय. दोन खेपा करायच्यात," ती म्हणाली.

मेस्त्रीला तिच्याकडे बघवेना. "बाय, तुझे दोन भाऊ यानंच नेले."

"त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगा."

त्याने सांगितले. वारा उलटण्याआधी डोंगरावर धूळ कशी उठते, दोराची कुठली गाठ ओढायची, सगळे सांगितले. हात सोलवटून निघेपर्यंत तिच्याकडून दोर सोडवून घेतला.

तिसऱ्या दिवशी, ती दुसऱ्या खेपेला निघालेली असताना वारा उलटला. मेस्त्री धावत किनाऱ्यावर आला. बघता बघता दूरवरचे उंच शीड दिसेनासे झाले. आपणच कोठाराची कडी काढली, हे त्याला कसे सोसावे?

मग लाटेमागून होडीचे नेहमीचे लहान शीड वर आले. होडी सरळ होती. तिने उंच शीड वेळेवर सोडले होते.

त्या दिवशी दोन्ही खेपांचे पाणी बेटावर पोहोचले, आणि पाऊस येईपर्यंत रोज पोहोचत राहिले. तहानेने एकही जीव गेला नाही. जन्मात कुणाची तारीफ न केलेल्या मेस्त्रीने, ती किनाऱ्याला लागली तेव्हा गुडघाभर पाण्यात जाऊन तिला हात जोडले. तो रडत होता आणि ते त्याने लपवले नाही.

तात्पर्य : धोक्याची सोय कुणावर लादू नये आणि कुणापासून हिरावूही नये, धोका नीट समजावून ती मागणाऱ्याच्याच हाती द्यावी.