रागाशिवाय

“मग रागाशिवाय शिक्षा करता येते की नाही? आबा, एवढंच सांगा.”

लूकसआबा पाय शेकत बसले होते. घमेल्यात कढत पाणी, त्यात मूठभर खडेमीठ. पाणी जरा जास्तच तापलं होतं, म्हणून त्यांनी आधी पाण्याला शिवी हासडली, मग चुलीला, मग स्वतःच्या सुजलेल्या घोट्यांना.



योएल बाजेच्या कडेवर ताठ बसून राहिला. शेजारी पांढऱ्या फडक्यात बांधलेली भाकर होती.

योएल हा तळेखेडच्या ख्रिस्ती मंडळीचा नवा पाळक. दूर देशी धर्मशास्त्र शिकून आला होता. तिकडेच राहा म्हणून त्याला पुष्कळ आग्रह झाला. तो सगळा झुगारून आपल्या माणसांत परतला. गावाला त्याचं कौतुक होतं, आणि कौतुकाच्या आत थोडा धाकही. कारण नवा पाळक कधी चिडत नसे. पंचांच्या बैठकीत कुणी टेबलावर हात आपटला तरी त्याचा आवाज चढत नसे. मयताला गेला तर डोळे कोरडे, लग्नाला गेला तर हसू बेतानं. बायका म्हणायच्या, आमचे साहेब म्हणजे माठातलं पाणी, उन्हाळा बाहेरच.

आबा त्याच्या अगदी उलटे. ते आधीचे पाळक. आता थकून मंडळीच्या देवळामागच्या खोलीत एकटे राहत. शेजाऱ्यांशी भांडत, कावळ्यांशी भांडत, आणि भजनाचं एखादं कडवं काळजाला लागलं की उपरण्यात तोंड खुपसून लहान मुलासारखे रडत. जुनी माणसं सांगत, पूर्वी ते असे नव्हते.

योएलला शास्त्राचं पहिलं अक्षर त्यांनीच शिकवलं. त्याची त्यांच्यावर माया होती, आणि चारचौघांत त्यांची लाजही वाटे.

आल्या आल्या योएलनं एकच विषय धरला होता : माणसाचे विकार. राग, भय, मत्सर, शोक, वासना. ही घरात घुसलेली जनावरं आहेत, असं तो रविवारमागून रविवार सांगत होता. माणूस समजतो मी चालतो, चालवतात ती. ख्रिस्ताच्या माणसानं त्यांना दावं लावून गोठ्यात ठेवायचं नाही, वेशीबाहेर हाकलायचं. लोक मान हलवत ऐकत.

एकदा मागच्या बाकावरून आबांनी विचारलं होतं, की मित्राच्या कबरीपाशी प्रभू रडला, तेव्हा त्याच्या घरात कुठलं जनावर घुसलं होतं?

लोक हसले. योएलही हसला; थकल्या माणसाच्या बोलण्याला हसावं तसं.

आज मात्र तो स्वतःहून आला होता. पंचांनी पाठवलं होतं.

गोष्ट थोमा रणपिसे यांची होती. थोमातात्या मंडळीचे सगळ्यांत जुने पंच. खालच्या आळीत अंथरुणाला खिळून होते. आज जातात की उद्या, अशी अवस्था. सकाळी त्यांनी निरोप धाडला, की मला भाकर द्या. योएलच्याच हातून द्या.

तळेखेडात प्रभूभोजनाला, ख्रिस्ताच्या आठवणीत वाटून खायच्या घासाला, भाकर म्हणतात. पूर्वजांनी पहिलं प्रभूभोजन घेतलं ते दुष्काळात. गहू कुठला? ज्वारीची भाकर मोडली. पुढे गहू आला, पण प्रथा तीच राहिली. तिथे कुणी वाळीत पडलं तरी ‘भाकरीतून बंद’ झालं असंच म्हणतात.

योएल भाकर घेऊन गेला. तात्यांनी चादरीतून हात बाहेर काढला, तेव्हा दंडाला काळा दोरा दिसला.

सून रिबका खाली मान घालून म्हणाली, शेजारच्या वस्तीवरचा भगत येऊन गेला. मामांनीच बोलावलं. फार भ्याले होते.

योएलनं कपाळाला आठीसुद्धा पडू दिली नाही. हळू आवाजात सांगितलं, आधी दोरा तोडा, मग भाकर.

तात्यांनी दुसऱ्या हातानं दोरा झाकून घेतला.

योएल थोडा थांबला. मग फडकं पुन्हा बांधलं आणि उठून आला.

त्यावरून पंचांत दोन तट पडले. कुणी म्हणे, मरत्या माणसाला काय नियम? कुणी म्हणे, नियम तो नियम. शेवटी ठरलं, आबांना विचारा. आबा काय ते बोलतील ते खरं.

आबांनाच विचारायचं कशासाठी, हे तळेखेडात पोराटोरांनाही ठाऊक होतं.

योएल रांगता असताना त्याला ताप चढला. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली. त्याची विधवा आई सगुणा आधी देवळात पायरीवर डोकं ठेवून आली. ताप उतरेना. मग पोराला पदरात गुंडाळून ती वेशीबाहेरच्या म्हसोबाकडे धावली आणि त्याच्या दंडाला काळा दोरा बांधून आली. येताना तिला थोमातात्यांनी पाहिलं. त्यांनी पंचांपुढे सांगितलं. खोटं काहीच सांगितलं नाही.

त्या वेळचे पाळक लूकसआबाच. त्यांनी सगळ्या मंडळीसमोर दोरा कापला आणि सगुणाला सांगितलं, चुकले म्हण.

ती म्हणाली, “भ्याले, हे खरं. पण उद्या पोर तसंच पडलं, तर पुन्हा भिईन. मग चुकले कसं म्हणू? देवाशी खोटं बोलू?”

ती भाकरीतून बंद झाली.

त्यानंतर भाकरीच्या प्रत्येक रविवारी ती देवळाबाहेर पायरीवर बसायची. आतलं गाणं बाहेरून म्हणायची. चुकले म्हटलं नाही. योएल परदेशात असताना तशीच गेली.

आता घमेल्यातलं पाणी गार होत आलं होतं. योएल उठला, चुलीवरचं पातेलं आणून बेतानं पाणी ओतलं.

“आबा, मी मन नीट तपासलं आहे,” तो म्हणाला. “तात्यांविषयी माझ्यात राग नाही. सूड नाही. नियम आईला होता, तोच त्यांना. त्यांना सोडलं, तर लोक म्हणतील, नियम फक्त विधवेला होता.”

“बरोबर म्हणतील.”

योएलला बरं वाटलं. तो वाट पाहत राहिला...

आबा पायाची बोटं पाण्यात हलवत होते.

“दोरा कशासाठी बांधला, विचारलंस का त्याला?”

“विचारायचं काय त्यात? भय.”

“कशाचं?”

“...ते नाही विचारलं. भय हा विकारच. त्याला कारण विचारत बसलं, की तो पाय पसरतो.”

“हं.”

कौलावर कावळा ओरडला. आबांनी वर पाहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग तितक्याच सहज विचारलं, “सगुणा गेली, तेव्हा तुला कसं कळलं?”

योएलनं सांगितलं. फोन आला होता. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. यायला जमण्यासारखं नव्हतं. तो गुडघ्यावर बसला, प्रार्थना केली, आणि पुस्तक उघडलं. पेपर चांगला गेला.

“रडलास?”

“नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, आबा... की मी जिंकलो.”

“कुणाला?”

योएलनं तोंड उघडलं. उत्तर सोपं होतं, शंभरदा प्रवचनात दिलेलं होतं. ते ओठांपर्यंत आलं नाही.



मग योएलला वाटलं, म्हाताऱ्याला धीर हवा आहे. जुना निर्णय त्यांना बोचत असावा. आपण त्यांना त्यातून सोडवलं पाहिजे. तो पुढे झुकला आणि खरोखरीच्या आदरानं म्हणाला, “हे मी तुमच्याकडूनच शिकलो, आबा. माझ्या मनात तुमच्याविषयीही कधी काही आलं नाही. आई सांगायची, दोरा कापताना तुमचा आवाज चढला नव्हता. हात जरासुद्धा कापला नव्हता.”

आबांनी पाय पाण्याबाहेर काढले. पुसले नाहीत. ओले पाय तसेच जमिनीवर टेकले.

“हो,” ते म्हणाले. “नव्हता कापला.”

...

“मग पंचांना काय सांगू? आबांची संमती आहे म्हणून?”

आबा त्याच्याकडे पाहत राहिले. त्या पाहण्यात राग होता की कीव, ते योएलला कळेना. त्यानं नजर खाली केली नाही. नजर स्थिर ठेवायची त्याला सवय होती.

तेवढ्यात दारात रिबका येऊन उभी राहिली.

तिच्या पायांत चपला नव्हत्या. खालच्या आळीपासून अनवाणी आली होती. पदर खांद्यावरून घसरला होता, त्याचंही भान नव्हतं. आबांकडे तिनं पाहिलं नाही. योएलकडे पाहिलं.

“गेले,” ती म्हणाली.

...

योएलच्या छातीत काहीतरी सुटलं आणि पोटात उतरत गेलं. उबदार होतं. गोड होतं. उपाशीपोटी गुळाचा खडा जिभेवर विरघळावा, तसं. असं त्याला कित्येक वर्षांत काही वाटलं नव्हतं. देवाची शांती म्हणतात ती हीच की काय, असं क्षणभर त्याच्या मनात येऊनही गेलं.

मग त्यानं ते ओळखलं.

तो आनंद होता.

आई पायरीवर बसली, म्हणून. हा थोमा आत बाकावर बसला, म्हणून. आई भाकरीशिवाय गेली, आणि आता हाही भाकरीशिवाय गेला, म्हणून. इतकी वर्षं ज्या जनावरांना त्यानं वेशीबाहेर हाकललं होतं, त्यांतलं एकही वेशीपर्यंतसुद्धा गेलं नव्हतं. ती सगळी आतच बसली होती. त्याच्या पाळकाच्या झग्याखाली, त्याच्या हळू आवाजात, त्याच्या नियमात. पोटभर खाऊन.

त्यानं चेहरा सावरला. पण उशीर झाला होता. रिबका त्याच्या ओठांकडे पाहत होती.

तिला दुसरंच काही सांगायचं होतं, आणि तेवढं सांगितल्याशिवाय परत जायचं नव्हतं.

ती सांगत गेली. मामा शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. साहेब निघाले का, म्हणून विचारत होते. ती म्हणत होती, निघाले, येतीलच. काय करणार? मरत्या माणसाशी खोटं बोलले. त्याचं पाप देवानं माझ्या डोक्यावर टाकावं.

मग तिचा आवाज खाली आला.

“त्यांना सगुणामावशी दिसायची, साहेब. दाराबाहेर पायरीवर बसलेली. गाणं म्हणताना. काही बोलायची नाही, काही मागायची नाही. म्हणून भ्याले. म्हणून तो भगत. पण दोरा बांधला तरी ती उठेना. मग म्हणायला लागले, तिच्या पोराला बोलवा. तिच्या पोरानं भाकर दिली, की ती उठून घरी जाईल.”

मयताच्या घरी बोलायची वचनं योएलला पाठ होती. दोन भाषांत पाठ होती.



रिबकानं मूठ पुढे केली आणि उघडली. तळव्यावर कापलेला काळा दोरा होता.

“जिवंतपणी हात लावू दिला नाही त्यांनी. आता मीच कापला. कात्रीनं.” ती दोरा पुढे धरून उभी राहिली. “आता तरी मातीला याल ना?”

योएलचा हात पुढे झाला. आणि मध्येच थांबला. तो कापत होता. खांद्यापासून बोटांपर्यंत कापत होता, आणि त्याला तो थांबवता येत नव्हता. डोळ्यांपुढचं दार पुसट झालं. दाराबाहेरची पायरी पुसट झाली.

त्यानं आबांकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की आईकडे बघावं, तसं पाहिलं.

लूकसआबा उठले. ओल्या पायांनी बाजेपाशी आले. पांढऱ्या फडक्यात बांधलेली भाकर उचलली आणि त्याच्या कापत्या हातावर ठेवली.

“घ्या, पाळकसाहेब,” ते म्हणाले. “आधी दोरा, मग भाकर म्हणालात ना? दोरा सुटला. आता द्या भाकर.”