काचेपलीकडचा पाय

"...मग माझं चुकलं काय, मॅडम?"

पुष्करचा आवाज चढला होता. परीक्षेत पहिला आलेला डॉक्टर. त्याला अख्ख्या वॉर्डासमोर जाब विचारावा? तळपायाची आग मस्तकात गेली होती.

डॉ. हेमलता खाडिलकर, ज्यांच्या हाताखाली तो शिकत होता, त्याही काही कमी तापल्या नव्हत्या. पण त्यांचा राग आवाजात नसे, डोळ्यांत असे.

"जरीनाबींचं इंजेक्शन का थांबवलंस?"

"प्लेटलेट तीस हजारांवर घसरल्या. बाईंना ब्लड कॅन्सर. रक्त पातळ करत राहिलो आणि डोक्यात रक्तस्राव झाला तर? थांबवलं तर पायातली गुठळी वाढते. इकडे आड, तिकडे विहीर."

"आड तिला, विहीरही तिलाच. तू कुठे होतास?"

"रोज रिपोर्ट बघत होतो."

"आणि पाय?"

...

जंतुसंसर्ग नको म्हणून जरीनाबींच्या वेगळ्या खोलीत उगाच कुणी शिरायचं नाही, हा वॉर्डाचा दंडक. पुष्कर दाराच्या काचेतूनच चौकशी करी. सगळं नियमाला धरून चाललं होतं की.

"हात धू. मास्क लाव."

खोलीत जाऊन मॅडमनी चादर बाजूला केली. पुष्करचा हात धरला आणि जरीनाबींच्या मांडीवर ठेवला. मांडी तट्ट फुगली होती, गरम लागत होती.

"दोन दिस झालं, बाई," जरीनाबी म्हणाल्या. "सायेब काचेतनं हात हलवत्यात. मीबी हलवते."

पुष्करच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता राग स्वतःचाच आला होता, पण निघाला मॅडमवर.

"मग तुम्हीच लिहा ना ऑर्डर. मी लिहिलं की चुकतंच."

"आधी प्लेटलेटची पिशवी लाव. मग इंजेक्शन सुरू कर, अर्ध्या डोसने. सही तुझी."

"माझी?"

"थांबवलंस तेव्हा कुणाची होती?"

...

तो बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिला. मग अगदी हळू, जरीनाबींना ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्याने विचारलं,

"आणि तरीही डोक्यात रक्तस्राव झाला तर?"

मॅडमनी कोपऱ्यातलं स्टूल पलंगाशी ओढलं.

"तर तू इथे असशील."