पळसाला नोटीस आणि खेकडीचा अर्ज

विषय : झऱ्याचे पाणी खारट व तेलकट लागत असल्याबाबत.
संदर्भ : खेकडीचा अर्ज, फाल्गुन शुद्ध पंचमी.

उपरोक्त विषयास अनुसरून बालवाचकांना कळविण्यात येते की, एका जंगलात, डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याशेजारी एक खेकडी राहत असे. तुम्हांला घरच्या आमटीची चव जशी डोळे मिटून ओळखता येते, तशी तिला त्या झऱ्याची चव ओळखता येई. तिच्या पोटाखालच्या झडपेत त्या वर्षीची पिल्ले वाढत होती. उन्हाळा सरायच्या आत ती गोड्या पाण्यात सोडायची, नाहीतर ती जगत नाहीत. आणि नेमके त्याच वर्षी पाण्याला मीठ चढू लागले. बेडकांच्या अंगाची आग होऊ लागली, मासे पोट वर करून तरंगू लागले.

झऱ्याच्या वरच्या अंगाला एक रानडुक्कर राहत असे. कंद उकरता उकरता त्याला जमिनीत काळे तेल लागले होते. खरजेवर हे तेल उत्तम, अशी ख्याती पसरली आणि तरस, कोल्हे, गवे दुरून येऊन रांगा लावू लागले. डुकराने चार भाऊबंद कामाला लावले आणि तो स्वतःला मुकादम म्हणवून घेऊ लागला. अडचण एकच होती. तेलाच्या एका द्रोणामागे चार द्रोण खारट, घाण पाणी वर येई. ते टाकायचे कुठे? जवळच साळिंदराचे एक सोडलेले बीळ होते, खोल आणि अंधारे. मुकादमाने ते सगळे पाणी त्यात लोटायला सुरुवात केली. कोणी विचारलेच, तर तो म्हणे, "जमिनीत गेलं ते गेलं. तुला दिसतंय का कुठं?" कोणालाच दिसत नसे. बिळातले पाणी खडकांच्या भेगांतून कुठे जाते, हे भेगांत राहणाऱ्यांनाच माहीत असते.

खेकडीने वनराजांच्या कचेरीत अर्ज दिला. पाणी तपासायला बगळा आला. जंगलाच्या नियमाप्रमाणे तपासणी काठावर एका पायावर उभे राहून करायची असते. पाण्याला चोच लावायची नाही, कारण चोच लावली की मत बनते आणि मत बनले की अहवाल निःपक्षपाती राहत नाही. बगळा दोन घटका उभा राहिला. मग त्याने अहवाल लिहिला, की पाहणीअंती सदर पाणी पाणीच असल्याचे आढळले. खेकडीने त्याला निदान एक घोट घेण्याची विनंती केली. चवीचा रकाना अहवालाच्या नमुन्यात नाही, असे त्याने सौजन्याने सांगितले. शिवाय बिळातले पाणी आणि झऱ्याचे पाणी यांचे नाते अर्जदाराने सिद्ध करावे, असा शेराही मारला.

खेकडीने ते मनावर घेतले. पळस ऐन बहरात होता. तिने पडलेली फुले गोळा केली, डबक्यात भिजवली आणि भर दुपारी डुकरे घोरत असताना तो केशरी रंग साळिंदराच्या बिळात ओतला. सलग तीन दुपारी तिने हेच केले. नंतर ती झऱ्याच्या तोंडाशी जाऊन बसली. सातव्या दिवशी सकाळी झरा केशरी वाहू लागला. सारे जंगल काठावर जमले. दोन पाण्यांचे नाते इतक्या उघड रंगात आजवर कोणी दाखवले नव्हते, आणि तेही कोणाचे शिक्षण न घेता, कोणाची मदत न मागता.

बगळा पुन्हा आला, पुन्हा उभा राहिला. या वेळी प्रदूषण झाल्याचे त्याने तात्काळ मान्य केले. कारण : पळस. त्याच दिवशी पळसाच्या झाडावर नोटीस चिकटवण्यात आली, की आपण विनापरवाना फुले गाळून जलस्रोत रंगवल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. पळसाने खुलासा केला नाही. ते झाड होते.

त्या दिवशी खेकडीने पुढचा अर्ज लिहिला नाही. ती झऱ्याच्या ओढ्यातल्या खडकाखडकाशी गेली आणि तिने आपल्या नातलगांना बोलावले. आता, खेकड्यांना दोन कामे जन्मजात येतात : बीळ खणणे, आणि उन्हाळ्यात चिकण मातीने त्याचे तोंड असे बंद करणे, की आतला ओलावा थेंबभर बाहेर जात नाही. दुपारी एकशे चाळीस खेकडे मातीच्या गोळ्या घेऊन साळिंदराच्या बिळात उतरले. खेकडे एकमेकांचे पाय ओढतात असे माणसे सांगत असतात. त्या माणसांनी ती दुपार पाहिलेली नाही. वरचा खालच्याच्या नांगीत गोळी देत होता, खालचा ती ठोकून बसवत होता. सावल्या लांबायच्या आत दहा हात खोल बीळ तळापासून तोंडापर्यंत भरले गेले.

संध्याकाळी मुकादमाने नेहमीप्रमाणे घाण पाणी लोटले. ते आत गेले नाही. उताराने मागे फिरले आणि डुकरांच्या स्वतःच्या लोळण्याच्या चिखलात साचले. दोन दिवसांत पाचही डुकरांची कातडी भाजल्यासारखी लाल झाली. मुकादम फुरफुरत झऱ्यावर आला.

"मावशी, बीळ कुणाच्या परवानगीनं बुजवलंस?"

"ते भरायला तू कुणाची घेतली होतीस, मुकादम?" खेकडी म्हणाली. "आणि एवढं काय झालं? पाणीच तर आहे."

मुकादमाने तडक बगळ्याला बोलावून आणले आणि आपली कातडी दाखवली. बगळा चिखलाच्या काठावर एका पायावर उभा राहिला. कातडीचा रकानाही नमुन्यात नव्हता. पहिल्या अहवालात पाणी पाणीच ठरले होते, दुसऱ्यात दोष पळसाचा ठरला होता, आणि स्वतःचा अहवाल खोडण्याची प्रथा कचेरीत नव्हती. अखेर डुकरांनी तेलाचा खड्डा सोडला आणि ती पुन्हा कंद उकरू लागली.

झरा मात्र लगेच गोड झाला नाही. जमिनीखाली मुरलेली घाण आज्ञा काढून वर येत नाही. तेव्हा पिल्लांचे काय? खड्ड्याच्याही वर, कड्याजवळ, एक बोटभर धार वाहते. खेकड्याच्या पायांनी तो चढ दोन दिवसांचा, तोही रणरणत्या उन्हात. नातलगांनी पाळीपाळीने तिच्यावर ओली पाने धरली आणि तिला वर नेले. तिथे तिने झडप उघडली. शंभरावर पिल्ले गोड्या पाण्यात उतरली आणि एकही दगावले नाही. तिने मान उंच केली असती, पण खेकड्यांना मान नसते. तिने दोन्ही नांग्या उंच केल्या.

दर पौर्णिमेला ती खाली येऊन झऱ्याची चव घेते. मीठ थोडे थोडे उतरत आहे. पळसाचा खुलासा अप्राप्त आहे. खेकडीचा अर्ज कचेरीत विचाराधीन आहे.

तात्पर्य : नजरेआड लोटलेली घाण नाहीशी होत नाही, ती कोणाच्या तरी पाण्यात निघते, आणि ज्याला आपल्या पाण्याची चव कळते, त्याने अर्ज जरूर द्यावा, पण निकाल येईपर्यंत हात बांधून बसू नये.