आवळीखालचं पिठलं

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध वैद्य राहत होते. गाव त्यांना अण्णा म्हणे. त्यांच्याकडे सुभद्रा नावाची एक तरुण मुलगी वैद्यकी शिकत होती. बुद्धीनं तल्लख, पण स्वभावानं तापट. विचारलेल्या प्रश्नाला अण्णा कधीच लगेच उत्तर देत नसत, आणि सुभद्राला नेमका त्याचाच राग येई. वयस्कर माणूस गप्प बसला की त्याला शहाणपण म्हणायचं, हे तिला मुळीच पटत नव्हतं.

त्या गावात कार्तिकात आवळीभोजन होई. सगळं गाव नदीपलीकडच्या आवळीच्या झाडाखाली जमे, घरोघरचे पदार्थ एकत्र मांडले जात आणि सगळे एका पंगतीत जेवत. कुणी काय आणायचं हे पाहण्याचं काम अण्णांकडे होतं. आदल्या दिवशी त्यांचं माणूस दारोदार जाऊन विचारी, "तुमच्याकडून काय येणार?"

प्रश्न साधा होता, पण उत्तरं वर्षागणिक फुगत चालली होती. एका घरानं श्रीखंड सांगितलं की शेजारचं घर केशर घातलेली बासुंदी सांगे. भाकरीचं नाव कुणी काढत नसे. अशात गेल्या वर्षी सुभद्राच्या आईनं हुलग्याचं माडगं नेलं. भाजलेल्या हुलग्यांचं पीठ गूळ घालून शिजवलेलं, पातळ आणि गरम. धान्याच्या व्यापाऱ्याची बायको भागीरथीकाकू, त्यांनी झाकण उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, हुलगे तर आम्ही घोड्याला घालतो."

सगळी पंगत हसली. पातेलं नेलं तसं भरलेलंच परत आलं. या वर्षी कार्तिक लागला तसं आईनं सांगून टाकलं, "मी काही येत नाही आवळीला. तू जा."

आईनं एकटीनं, लोकांची दळणं दळून सुभद्राला वाढवलं होतं. तिचा सगळा गोतावळा म्हणजे हे गाव. ती आज पंगतीतून उठली, तर उद्या पाणवठ्यावर जायचंही टाळेल, हे लेकीला दिसत होतं. काही करून आईला पंगतीत परत आणायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

ती अण्णांना म्हणाली, "या वर्षी कुणाला विचारूच नका. तुम्हीच ठरवून द्या. भागीरथीकाकूंना भाकऱ्या सांगा आणि आईला गोडाचं. तुमचा शब्द कोण मोडतंय?"

अण्णा खलात सुंठ कुटत होते. कुटून झाल्यावर ते म्हणाले, "विचारायचं तर आहेच. पण काय आणणार, असं नको विचारूस. अडल्या वेळी कुणाच्या घरचं काय खाल्लं होतं, ते विचार. ज्याचं नाव निघेल त्यानं तेच आणायचं."

"आणि ज्याचं नाव निघणार नाही त्यानं?"

"त्यानं नुसतं जेवायला यायचं."

"म्हणजे माझ्या आईनं. सरळ सांगा की. गावाला काय खायला घातलंय तिनं? तिचं नाव कुठंच निघत नाही, हे मी दारोदार ऐकत फिरू?"

"जाऊन तर ये," अण्णा म्हणाले आणि खल पुसायला लागले.

सुभद्रा धुसफुसत निघाली. कुंभारवाड्यात तिला सांगितलं, "मास्तरीणबाईंची शेवयांची खीर. आमचं पोर झालं तेव्हा त्यांनी पाठवली होती." तिथून ती म्हाताऱ्या तेल्याकडे गेली. त्याला विचार करावाच लागला नाही.

"तुझ्या आईचं माडगं," तो म्हणाला. "मी तापानं पडलो होतो ना त्या साली. सून माहेरी, तोंडाला चव नाही. रोज तिन्हीसांजेला वाटी यायची."

"आमच्या घरून? रोज?"

"तुला ठाऊक नव्हतं होय? मग चोंबडेपणाच झाला माझा."

"गेल्या वर्षी तुम्हीपण हसलात, आजोबा."

म्हातारा खाली बघत म्हणाला, "हसलो. सगळे हसत होते."

शिंपिणीनंही माडग्याचंच नाव घेतलं. तिच्या बाळंतपणात तेच पोटात ठरलं होतं. सुभद्राचा राग थोडा उतरला, आणि जेवढा उरला तेवढा घेऊन ती व्यापाऱ्याच्या ओसरीवर चढली.

भागीरथीकाकूंना प्रश्नच कळेना. "आम्ही कुणाचं खाल्लंय, सुभद्रे? लोक आमच्याकडे जेवतात. बासुंदी येईल म्हणून सांग अण्णांना."

काकूंना एकही नाव आठवलं नाही, याचं सुभद्राला बरं वाटलं. ती घरी आली आणि तिनं आईला माडग्याची आठवण काढणाऱ्यांची नावं सांगितली. आईनं उठून हुलग्यांचा डबा खाली काढला. सुभद्रा हसत म्हणाली, "आता तुझं सांग. तू कुणाच्या घरचं खाल्लंस?"

"भागीरथीच्या. पिठलं-भाकरी."

"जी तुला चारचौघांत हसली तिचं नाव घेतेस?"

"हसली ते मी विसरले नाही गं. पण तुझे बाबा गेले तेव्हा गावात साथ होती. दारात कुणी पाऊल टाकेना. घरात चूल पेटलेली नव्हती. ही पदराखाली टोपलं झाकून आली. तुला मांडीवर घेऊन भरवलं. तू तिच्या नव्या लुगड्यावर ओकलीस, तरी उठली नाही. ती हसली म्हणून ते सगळं खोटं झालं का?"

सुभद्रा तशीच अण्णांकडे गेली आणि आईनं सांगितलेलं सगळं तिनं त्यांना सांगितलं. "काकूंना हा निरोप मी नेणार नाही," ती म्हणाली. "आणि हे सगळं तुम्हाला आधीच ठाऊक असेल, तर ते मला आधी सांगायचं होतंत."

"मला काही ठाऊक नव्हतं," अण्णा म्हणाले. "इतकंच ठाऊक होतं की काय आणणार, असं विचारलं की माणूस आपल्या चुलीकडे बघतो, आणि मग शेजारची चूल मोठी की आपली, यापलीकडे त्याला काही दिसत नाही. आपण सगळे कधी ना कधी दुसऱ्याच्या वाटीवर तगलेलो असतो. देणारा ते विसरतो. त्यानं विसरावंच. पण खाणाऱ्यानं ते कुठंतरी बोलून दाखवायला हवं, आणि तसं बोलायला आपल्या पंगतीत जागाच उरली नव्हती. तुझी आई ते बोलली. तू निरोप नेला नाहीस, तर भागीरथी जन्मभर बासुंदीच आणत राहील."

सुभद्राला हे उत्तर आवडलं नाही, कारण त्यात खोट काढता येईना. ती पुन्हा त्या ओसरीवर गेली आणि उभ्या उभ्याच निरोप सांगितला.

भागीरथीकाकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ती अजून ते धरून आहे?"

"हो. उद्या तेच हवंय म्हणाली."

"पातळ केलं होतं मी, की घट्ट?"

"मला काय माहीत? मी लहान होते."

"मग विचारून ये." सुभद्रा वळली, तेवढ्यात काकू उठल्या. "थांब. मीच जाते."

दुसऱ्या दिवशी आवळीखाली बासुंदी कमी आणि भाकऱ्या पुष्कळ होत्या. आई मोठं पातेलं घेऊन आली आणि तेली, शिंपीण, त्यांची पोरं असं करता करता ते पंगत बसायच्या आतच तळाला गेलं. भागीरथीकाकू वाटी घेऊन आल्या तेव्हा आई ओशाळली. काकू म्हणाल्या, "खरवडून दे. तळाचं गोड असतं." आईनं खरवडून दिलं आणि दोघी शेजारी शेजारी बसल्या.

वाढताना काकूंनी सुभद्राच्या पानावर पिठलं घातलं आणि जरा थांबून विचारलं, "तुला आठवतं का गं हे?"

सुभद्रानं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावून खाल्ला.

"नाही काकू," ती म्हणाली. "पण आता लक्षात राहील."